उर्वीच्या उजव्या कानातली केशपेशी

मी एक जुनी केशपेशी आहे. इंदूरच्या उर्वीच्या उजव्या कानात, शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीच्या अगदी तोंडाशी राहते. उर्वी सोळा वर्षांची, आणि मी तिच्याहून सहा महिन्यांनी मोठी! कशी? सांगते ना, मित्रांनो.

उर्वी आईच्या पोटात जेमतेम तीन महिन्यांची होती तेव्हा आम्ही सगळ्या पेशी सारख्याच होतो. मग माझ्या आतून हुकूम सुटला, 'तू ऐकणारी हो!' मी लगेच शेजारणींना दटावलं, "मी ऐकणार, तुम्ही फक्त मला धरून बसा." त्या बिचाऱ्या आजवर धरून बसल्यात. माझ्या डोक्यावर नाजूक केसांचा तुरा फुटला. आवाज आला की तो झुकायचा आणि मी मेंदूला खबर धाडायची. माझ्या वाट्याला बारीक सूर: चिमणी, पैंजण, असले. पण तुरा फुटायच्या आधीच आमची संख्या वाढायची थांबली होती. जेवढ्या झालो तेवढ्याच. कोंबडीच्या कानात नव्या उगवतात म्हणे. माणसाच्या नाही.

मग यंदाची रंगपंचमी आली. राजवाड्यावर गेर, म्हणजे आमची रंगांची मिरवणूक, पोचली, सगळीकडे गुलाल, आणि उर्वी डीजेच्या गाडीला चिकटलेली.

"मागे ये ना, कान फुटतील!" तिचा दादा नीरज ओरडला.

"अरे भिया, कान सुन्न झाले तरच गेर जमली म्हणायची!"

आमच्याकडे सगळेच असं म्हणतात. डीजेच्या दणक्याने, अवकाळीत गहू झोपावा तसा माझा तुरा आडवा झाला. त्यानंतर मला काही वाटलंच नाही. दुखलं नाही, भीतीही नाही.

घरी तिचा कान वाजत राहिला. "होतं यार, उद्या जाईल," ती म्हणाली. आठवडा झाला तरी वाजतच होता. शेवटी नीरजने तिला ओढत डॉक्टरकडे नेलं.

तिला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. जाडे सूर आले, तिने दाबलं. मधले आले, दाबलं. मग माझ्या शेजारणी थरथरल्या, म्हणून मला कळलं, आता माझा सूर आलाय. तुरा हलला नाही.

उर्वी बटणावर बोट ठेवून हसत बसलेली. "सर, लावा ना पुढचा!"

डॉक्टर काचेपलीकडून हळूच म्हणाले, "दोनदा लावला, बेटा."

उर्वीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

मित्रांनो, माझ्यासाठी आता काही मागत नाही, मला वाईटसुद्धा वाटत नाही. पण नळीत आत माझ्या बहिणी अजून उभ्या आहेत, तुमच्याही कानात आहेत. डीजे आला की मागे सरका, कानात बोळे घाला, कोणी हसलं तर हसू द्या. त्यांची जागा घ्यायला मागे रांगेत कोणीच उभं नाही.