उलटा भांग

सभागृहाचे सगळे पडदे ओढलेले होते. बाहेर रणरणती दुपार आणि आत मात्र दिवेलागण झाल्यासारखा अंधार. खुर्च्या भरून माणसं भिंतीला टेकून उभी राहिली होती, पण कोणी खोकतसुद्धा नव्हतं. पुढे एक उंच आरसा, आरशासमोर स्टूल आणि स्टुलाच्या मागे जमिनीवर एक मिणमिणता दिवा. स्टुलावर डॉक्टरची आई बसली होती. तिच्या पांढऱ्या केसांवर काळाभोर, तुकतुकीत केसांचा टोप चढवलेला होता.

"पापणी लववू नका," मागे उभा असलेला केशगुरू कुजबुजला. "दोन डोळ्यांच्या मधोमध बघा. देह म्हातारा होतो, केस होत नाहीत. केसांत काळ साठतो. साहेबांचं तारुण्य ह्या टोपात साठलंय. तेच तुमच्या माणसाला ओढून आणेल."

काही वेळ काहीच झालं नाही. मग आईचा हात उचलला गेला आणि आरशाकडे जाता जाता हवेतच थांबला.

"अहो," ती म्हणाली, "आलात?"

शेवटच्या रांगेत बसलेल्या डॉक्टरच्या अंगावर सरसरून काटा आला. तिचे वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं.

खरं तर ही सगळी एका नटाच्या चाहत्यांच्या मंडळातली माणसं. सगळे त्याला नुसतं 'साहेब' म्हणत. साहेबांनी सत्तरी ओलांडली तरी पडद्यावर ते कॉलेजातल्या पोरींच्या मागे धावत होते आणि त्यांचे केस होते तस्सेच होते. त्यावरून मंडळात उभी फूट पडलेली. केस मूळचे म्हणणारा एक पक्ष आणि टोप आहे म्हणणारा दुसरा. आई मूळ पक्षाची, तर तिची सख्खी बहीण, म्हणजे डॉक्टरची मावशी, टोप पक्षाची पुढारीण.

"अगं, वादळात झाडं उन्मळून पडली, पण ह्यांच्या डोक्यावरचा एक केस हलला नाही," मावशी म्हणायची.

"निरोगी केस असेच असतात."

"आणि नदीतून बाहेर आले ते कोरडे ठणठणीत?"

"तेल लावत असतील!"

अशा हसतखेळत चाललेल्या भांडणात एके दिवशी केशगुरू अवतरला. आपण साहेबांचे खासगी केशभूषाकार, असं त्या बारा गावचं पाणी प्यायलेल्या माणसानं सांगितलं. मखमली पेटीतून टोप काढला आणि दोन्ही पक्षांना एका दमात गार केलं. "केस मूळचेच होते. गळायला लागले तसे मी एकेक वेचून हा टोप विणला. म्हणजे टोपही खरा आणि केसही खरे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आरसा आला, पडदे ओढले गेले, आणि वाद घालणारी माणसं हात जोडून रांगेत उभी राहिली. कोणाला त्यात तरुणपणचे साहेब दिसले, कोणाला गेलेला भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या अध्यक्षांना मांजर दिसलं. ते त्यांच्या मागच्या जन्माचं रूप आहे, असा खुलासा झाल्यावर ते बरेच दिवस कोणाशी बोलले नाहीत.

आईला दर वेळी वडीलच दिसत.

डॉक्टरला हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टर स्वतः डोळ्यांची. शस्त्रक्रिया तिचे वरिष्ठ करणार होते आणि तारीखही ठरली होती. आईनं ती मोडली.

"केशगुरू म्हणाले, डोळ्यात परकी काच बसली की ते दिसायचे नाहीत."

"आई, तुझी नजर जाईल गं."

"जाऊ दे. बघण्यासारखं आता दुसरं काय राहिलंय?"

आता ती घरीही आरशासमोर बसू लागली. केशगुरूनं दिलेली टोपातली एक बट केसांत खोचून, दिव्यावर ओढणी टाकून, दार लावून घेऊन. जेवायला हाक मारली तर "थांब, आत्ताच येतायत ते" असा आतून आवाज यायचा. त्या घरात डॉक्टरला आपल्या पावलांचा आवाजसुद्धा नकोसा होई. आपल्याच घरात कोणीतरी दबा धरून बसलंय, असं वाटत राही.

एका सकाळी आई चहा ओतत होती. धार कपाच्या बाहेर पडत होती, ओट्यावरून ओघळून तिच्या पावलावर सांडत होती. पाय भाजला तेव्हा कुठे तिला कळलं. डॉक्टर धावली. पावलावर गार पाणी ओतताना तिनं विचारलं, "काय मिळतं गं तुला तिथे बसून?"

"ते गेले तेव्हा मी दवाखान्यातून आंघोळीला घरी आले होते," आई म्हणाली. "मला काही सांगायचं राहिलं असेल त्यांचं. परवा ओठ हलले होते."

डॉक्टर पावलावर पाणी ओतत राहिली.

त्या दिवशी दवाखान्यात पेशंट संपल्यावर ती तपासणीच्या अंधाऱ्या खोलीतच बसून राहिली. खोली लहान असल्यामुळे अक्षरांचा तक्ता पेशंटच्या मागे लावलेला होता आणि पेशंट तो समोरच्या आरशात वाचत. तक्त्याचा दिवा बंद होता. मागच्या दाराच्या फटीतून थोडा उजेड येत होता तेवढाच. पेशंटच्या खुर्चीत बसून ती आरशातल्या आपल्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. मनात आईचं पाऊल होतं.

हळूहळू तिचे गाल विरले. नाक पुसलं गेलं. कपाळ रुंद झालं, डोळे खोल गेले, आणि आरशातून वडील तिच्याकडे बघू लागले. आजारपणात दिसायचे तसे, हनुवटी किंचित वाकडी.

धडपडत उठून तिनं दिवा लावला. आरशात ती एकटीच होती, घामानं डबडबलेली.

तिच्या डोक्यावर टोप नव्हता. हे ध्यानात यायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं धीर करून दिवा पुन्हा बंद केला आणि नजर खिळवली. वडील पुन्हा आले. तिनं मान हलवली, पापण्या मिटून उघडल्या, तसे गेले. ती पुन्हा पुन्हा करून बघत राहिली. शेवटी भीती ओसरली आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली.

पुढच्या बैठकीला तिनं अध्यक्षांना गाठलं. मांजराचं प्रकरण अजून जिव्हारी लागलेलं असल्यामुळे ते लगेच तयार झाले. सभागृहाला लागून सामानाची खोली होती. तिथे डॉक्टरनं एक साधा आरसा आणि तसाच मंद दिवा ठेवला.

"ज्यांना ज्यांना दर्शन झालंय, त्यांनी इथे उघड्या डोक्यानं बसून बघा," ती म्हणाली.

केशगुरू हसला. "टोपाशिवाय? रिकाम्या भांड्यातून दूध पिणार का तुम्ही?"

पहिले अध्यक्ष आत गेले. बाहेर आले ते चक्क हसत. "आज मांजर नाही. आमचे आजोबा!" मग एकेक जण जाऊन आला. बहुतेकांना कोणी ना कोणी दिसलं होतं.

"टोपाची शक्ती सगळ्या इमारतीत पसरलीय," केशगुरू घाईघाईनं म्हणाला.

"मग आता इथे टोप घालूनच बघू," डॉक्टर म्हणाली आणि तिनं सभागृहाचे पडदे भराभर उघडले. दुपारचं ऊन आत घुसलं. लोक डोळे चोळू लागले. अध्यक्षांनी टोप घातला, आरशासमोर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत टक लावून बघत राहिले.

"काय दिसतंय?"

"टोप घातलेला एक म्हातारा," अध्यक्ष म्हणाले आणि लोकांकडे वळले.

इतक्यात मावशी किंचाळली. "अगं बाई! भांग बघा! भांग ह्यांच्या उजवीकडे आहे!"

साहेबांचा भांग त्यांच्या डावीकडे, हे मंडळातल्या कोणालाही झोपेत उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आजवर सगळ्यांनी टोप बघितला तो आरशात. आरशात उजवा भांग पडद्यावरच्या साहेबांसारखा दिसतो. समोरून बघायची वेळच कोणावर आली नव्हती.

"हा टोप साहेबांच्या डोक्यावर कधी गेलाच नाही!" मावशी कडाडली. "आरशासाठीच बनवलाय मेल्यानं!"

केशगुरूनं पेटी शोधायला सुरुवात केली. लोक हसायला लागले. डॉक्टर मात्र हसली नाही.

"जे दिसलं ते तुम्ही खोटं सांगितलंत असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "मलाही दिसले. माझे वडील. माझ्या दवाखान्यात."

आईनं चमकून मान वळवली.

"उजेड कमी असला आणि नजर एकाच जागी खिळली की न हलणारं चित्र विरायला लागतं. आपलं नाक, गाल, सगळं पुसट होतं. मेंदूला अर्धा चेहरा चालत नाही. तो गाळलेल्या जागा स्वतःच भरतो, आणि मनात जो घर करून बसलेला असतो त्याचाच चेहरा बऱ्याचदा वर येतो. म्हणून हे तुम्हाला पापणी लववू देत नाहीत. म्हणून पडदे ओढतात."

आई भाजलेल्या पायानं लंगडत तिच्याजवळ आली.

"तुला कसे दिसले?"

"आजारपणातले. हनुवटी वाकडी."

"मला लग्नातले दिसायचे," आई म्हणाली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हते, आई."

"आणि ओठ?"

"ते तुझे हलत होते."

आई खुर्चीत बसली. मावशी येऊन तिच्या शेजारी बसली आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदाच काही वाद घातला नाही. दोघी बहिणी बराच वेळ हातात हात घेऊन बसल्या. तेवढ्यात केशगुरू मागच्या दारानं पसार झाला. टोप अध्यक्षांच्या डोक्यावरच राहिला.

आईची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर तिनं आधी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट बघितला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं." पुढे घरी ती अधूनमधून रडायची, पण स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर. डॉक्टरही तिच्याबरोबर रडायची. अंधारात आरशासमोरून जाताना डॉक्टरची पावलं अजूनही भरभर पडतात. कारण ठाऊक असलं म्हणून चेहरा दिसायचा थांबत नाही.

केशगुरू दुसऱ्या गावी कोणत्यातरी नटीचं गंगावन घेऊन बसलाय, असं कानावर येतं. तुमच्याकडे आला तर त्याच्याशी भांडू नका. पडदे उघडायला सांगा. टोप नको, उघड्या डोक्यानं बघतो म्हणा. तो नको म्हणाला तर का, ते सगळ्यांदेखत विचारा. आणि आरशात तुमचं माणूस दिसलंच, तर पोटभर रडून घ्या. फक्त ते काय सांगतंय, हे मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारू नका.