हिलेके रुटगर्सचे कपाट

मित्रांनो, माझ्या डाव्या दारावरून हात फिरवलात तर मधोमध लाकूड किंचित खोल लागेल. मी एक जुने कपाट आहे, छतापर्यंत उंच, चेंडूसारख्या गोल पायांचे. अमेरिकेतल्या हडसन नदीच्या खोऱ्यात, एका दगडी घरात माझे सारे आयुष्य गेले. त्या खोलगट जागी पूर्वी दोन अक्षरे होती. ती कशी गेली आणि त्यामुळे काय झाले, ते तुम्हांला सांगते.

मला रुटगर नावाच्या सुताराने घडवले. तो लहानपणी आईवडिलांबरोबर जहाजातून हॉलंडहून इकडे आला होता. त्याची एकुलती एक मुलगी हिलेके. तिच्या लग्नासाठी त्याने चेरीचे लाकूड वाळवून ठेवले होते. आमच्याकडे मुलगी सासरी जाताना कपाट आणि त्यात भरलेल्या चादरी घेऊन जाते.

"बाबा, केवढं मोठं केलंत हे! भरेपर्यंत मी म्हातारी होईन," हिलेके म्हणाली.

"मग घाई कर. बारेंत काही तोपर्यंत थांबायचा नाही," रुटगर हसून म्हणाला. मग त्याने पटाशी हातात घेतली. "नवऱ्याचं नाव घालू का दारावर?"

"त्याचं कशाला? कपाट माझं आहे."

म्हणून त्याने एच आणि आर ही अक्षरे कोरली. हिलेके रुटगर्स, म्हणजे रुटगरची हिलेके. आमच्या डच माणसांत तेव्हा आडनाव नव्हते. बापाचे नाव हेच पुढचे नाव. मुलगी लग्नानंतरही बापाचीच राही. तिचा नवरा हेंड्रिकचा मुलगा, म्हणून बारेंत हेंड्रिकसेन. त्यांची मुले बारेंतची, म्हणून बारेंतसेन. यात कुणाला काही विचित्र वाटत नसे.

माझे ते दिवस चांगले होते. हिलेके माझे कप्पे स्वतः पुसायची. तिला मुलीच झाल्या नाहीत, सगळे मुलगेच. त्यामुळे मी दुसऱ्या घरी गेले नाही, थोरल्या यानकडेच राहिले.

मग इथले डचांचे राज्य जाऊन इंग्रजांचे आले. यान एकदा सरकारी कचेरीतून चिडून आला आणि जेवताना बायकोला सांगू लागला. "तो कारकून विचारतो, तुझं आडनाव काय? मी म्हटलं, बारेंतसेन. मग म्हणाला, तुझ्या मुलाचं? म्हटलं, यानसेन. तर म्हणतो, बापाचं एक आणि मुलाचं दुसरं, हे चालणार नाही, एकच काय ते ठरव!"

"मग काय ठरवलंत?"

"तोंडात आलं ते. बारेंतसेन. आता पोरंही बारेंतसेन आणि पोरांची पोरंही बारेंतसेन. लापशी वाढ."

अशा रीतीने हे घर कायमचे बारेंतसेन झाले. खोऱ्यात बारेंत नावाचे इतर पुरुषही होते. त्यांच्या मुलांनीही तेच केले. नाव एक, पण घराणी निरनिराळी.

पुढच्या पिढ्या इंग्रजी बोलू लागल्या. यानचा पणतू एझ्रा चर्चमधला मानकरी होता. त्याला डच भाषा येत नव्हती आणि येत नाही याचा त्याला अभिमान होता. त्याच्या मुलीचे लग्न एका इंग्रज घराण्यात ठरले आणि विहीणबाई घर बघायला आल्या. त्या माझ्यासमोर थांबल्या.

"एच आर कोण?"

"आमच्या घराण्यातली सगळ्यांत जुनी आजी. हिलेके रुटगर्स," एझ्रा म्हणाला.

"आणि आजोबा?"

"बारेंत हेंड्रिकसेन."

"आणि तुम्ही बारेंतसेन!" विहीणबाई हसल्या. "बाई एका नावाची, नवरा दुसऱ्या नावाचा, मुलं तिसऱ्याच नावाची. लग्नबिग्न झालं होतं ना त्यांचं? नाही, सहज विचारते."

एझ्राचा चेहरा लालभडक झाला. शेगडीशी त्याची म्हातारी मारिके आत्या बसली होती. ती घाईघाईने काहीतरी सांगू लागली, पण डचमध्ये. तिला तीच भाषा नीट यायची. ती सांगत होती, अरे, लग्न झालं तरी मुलगी बापाचंच नाव लावायची, माझी आजीही लावायची, यात लाज कसली!

"आत्या, पाहुण्यांसमोर इंग्रजीत बोल, नाहीतर गप्प बस," एझ्रा म्हणाला.

आत्या गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एझ्राने रंधा आणला. रुटगरने जी अक्षरे हौसेने कोरली होती, ती त्याने दातओठ खाऊन तासून काढली. भुसा झाडून बायकोला सांगितले, "या घरात पुन्हा त्या बाईचं नाव निघता कामा नये." आणि निघाले नाही. मारिके आत्या त्याच हिवाळ्यात गेली. तिच्यानंतर ते ठाऊक असलेले कुणी उरले नाही. मी होते, पण मला कोण विचारणार?

खूप वर्षांनी या घरात लॅव्हिनिया जन्मली. बारेंतसेन घराण्यात ती शेवटची. तिने सफरचंदांच्या बागा करणाऱ्या अब्रामशी लग्न केले आणि तो इथेच राहायला आला. लॅव्हिनिया मला मेण लावायची तेव्हा तिचा हात त्या खोलगट जागेवर थांबायचा. "इथं कुणीतरी होती," ती अब्रामला म्हणायची. "तिचं नाव मला कळायला हवं." घराण्याची मुळे शोधण्याचा तिने ध्यास घेतला. पुष्कळ नावे तिने शोधून काढली. पण यानच्या मागे, त्याच्या आईबापापर्यंत, तिला जाता येईना. शेवटच्या आजारात ती अब्रामला म्हणाली, "कोराला मुलगी झाली तर तिला त्या पहिल्या आजीचं नाव ठेवा. तेवढं शोधा माझ्यासाठी."

कोरा ही त्यांची मुलगी. तिला नुकतेच दिवस गेले होते.

लॅव्हिनिया गेल्यावर अब्राम रोज माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. माझे दार उघडायचा, तिची शाल तोंडाला लावायचा, पुन्हा घडी करून ठेवायचा. ती घडी त्याला कधी नीट जमली नाही. बाग दुसऱ्यांवर सोपवून तो जुन्या चर्चची दप्तरे वाचायला जाऊ लागला. मी वाट पाहत होते.

एके दुपारी तो टोपी न काढताच आत आला. "कोरा, सापडली! डिर्क बारेंतसेन आणि त्याची बायको आनेके, त्यांचा मुलगा यान. थेट जहाजातून उतरलेले. तुझी आई असती तर..."

कोराने त्याला खुर्चीत बसवले. "नक्की आपलेच ना, बाबा?"

"बारेंतसेन आहेत, आणखी कुणाचे असणार? आणखी एक जोडपं होतं, बारेंत हेंड्रिकसेन आणि हिलेके रुटगर्स. त्यांच्या पोरालाही यानच म्हणायचे. पण दोघांची आडनावं वेगळी. लग्नच केलं नव्हतं की काय कोण जाणे!"

"बाबा, काहीतरीच!" कोरा हसली.

"काही का असेना, आपली नव्हेत ती."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी तिचे नाव या खोलीत उच्चारले गेले, आणि ते हसून बाजूला ठेवले गेले. मी लाकडाचे आहे. मला ओरडता आले नाही.

कोराला मुलगी झाली. चर्चमध्ये तिचे नाव आनेके ठेवले. कुठल्या परक्या घरातल्या बाईचे ते नाव. घरी आल्यावर अब्रामने तिला लॅव्हिनियाच्या शालीत गुंडाळले आणि कितीतरी महिन्यांनी तो मोकळेपणाने रडला. "झालं गं तुझ्या मनासारखं," तो म्हणाला. त्या क्षणी कुणी मला वाचा दिली असती, तरी मी त्या माणसाला खरे सांगितले असते का, मला माहीत नाही.

म्हणून तुम्हांलाच विनवते. तुमच्या घरातले म्हातारे माणूस काही सांगू लागले आणि त्याची भाषा तुम्हांला कळली नाही, तर त्याला गप्प करू नका. ज्याला कळते त्याला बोलवा, पुन्हा विचारा. आणि जी गोष्ट आपल्याला लाजिरवाणी वाटते, तिच्यावर रंधा फिरवण्याआधी ती लाजिरवाणी आहे का, एवढे तरी पाहा.

आनेके आता चालू लागली आहे. ती माझे दार धरून उभी राहते. मी तिला मनातल्या मनात हिलेके म्हणते. ती वळून आजोबांकडे बघते, कारण ते तिला आनेके म्हणून हाक मारत असतात.