सालींची दाढी

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर माणसांच्या दाढ्या केल्या आणि म्हातारपणी सफरचंदांच्या. या दुसऱ्या कामाला त्यांना मी लावलं, आणि त्याबद्दल माझा नवरा मला अजून हात जोडतो. कारण सलून बंद केल्यापासून ते घरातल्या प्रत्येकाच्या कानामागच्या केसांकडे बघून सुस्कारे टाकत बसायचे. निम्मी गिऱ्हाइकं टकली झाली आणि उरलेली दाढी वाढवू लागली, म्हणून दुकान बसलं, असं त्यांचं म्हणणं. त्यात दोष त्यांचा नव्हता, जगाचा होता.

मी अन्नाची रसायनतज्ज्ञ. पण लोक जे खातात त्याच्याशी माझा संबंध नाही, जे टाकतात त्याच्याशी आहे. आमच्या प्रयोगशाळेत रसाच्या कारखान्यातून सफरचंदांच्या साली पोत्यांनी येतात. त्यांत शरीराला उपयोगी पडणारी द्रव्यं किती आहेत आणि ती वेगळी काढता येतील का, हे मी शोधते. मला हवी असलेली फ्लेव्होनॉइड नावाची मंडळी राहतात सालीच्या अगदी वरच्या पापुद्र्यात. कारखान्याचं यंत्र मात्र साल काढतं ती चांगली जाडजूड गरासकट. गरात साखर आणि चिकटपणा. सगळं एकत्र वाळवून दळलं की माझे आकडे असे मरतुकडे यायचे की आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, ते बघायच्या आधी चष्मा काढून ठेवायचे.

त्यात तपासणी समिती यायची होती. आकडे असेच राहिले तर सालींचं काम बंद आणि माझी रवानगी पाकीट विभागात. तिथे बिस्किटांचे पुडे पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते बघायचं. मला ते नको होतं. मला सालींचा लळा लागला होता. हसा खुशाल!

म्हणून मी थोड्या साली घरी आणल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरीने गर खरवडायला बसले. एक तर साल फाटायची, नाहीतर माझं बोट. सासरे दारात उभे राहून बघत होते.

"हे काय चाललंय?"

"गर काढतेय, बाबा."

"गर काढतेयस की सूड उगवतेयस? ऊठ तिथून."

ते आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा इकडून तिकडे फिरवला, साल पाटावर उलटी पसरली, अंगठ्याने ताणली, जशी माणसाची हनुवटी ताणतात तशी. सर्रकन गर बाजूला! साल उचलून त्यांनी दिव्यासमोर धरली तर पलीकडचा दिवा दिसत होता.

"मान वर करा," ते पुढच्या सालीला म्हणाले. आणि मग मला, "सवय आहे. तू लक्ष देऊ नकोस."

त्या दिवसापासून सकाळी मी पिशवीभर साली त्यांच्यापुढे ठेवून जायची आणि संध्याकाळी डबाभर पापुद्रे तयार असायचे. दिवसभर त्यांची बडबड चालायची. शेजारच्या काकू माझ्या नवऱ्याला विचारत होत्या, घरात पाहुणे आलेत का म्हणून. तो म्हणाला, "हो, सगळे सफरचंदवाले आहेत."

आता आमची चाचणी. सालीची पूड अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, आणि त्या अर्कात ॲल्युमिनियमच्या क्षाराचं पाणी घालायचं. फ्लेव्होनॉइड असतील तर अर्क पिवळा होतो. जितका गडद, तितका माल जास्त. बाबांचे पापुद्रे तपासले तर आकडा एवढा वर गेला की यंत्र बिघडलं असं वाटून मी ते बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तसाच. मी सरांना ओढत आणलं. त्यांनी नळी उजेडात धरली आणि ते ओरडले, "अहो, क्षार घालायच्या आधीच पिवळं पडतंय हे! काय साल आहे!"

"काय साल आहे!" मीही ओरडले. आम्ही दोन शिकलेल्या माणसांनी नळीभोवती फेर धरायचा तेवढा बाकी राहिला होता. सरांनी त्याच झटक्यात समितीला कळवून टाकलं की फार मोठं काहीतरी हाती लागलंय. घरी आल्यावर मी जिने उड्या मारत चढले आणि बाबांच्या पाया पडले. ते म्हणाले, "असू दे, असू दे. डोक्याला तेल लावत जा."

समिती यायच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. मी चहाचा कप घेऊन त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, आज आपल्या नशिबाचा शिल्पकार काम करताना बघू. त्यांनी साल ताणली, वस्तरा फिरवला, गर उडवला, साल पाण्यातून काढली. मग पेटीतून तुरटीचा खडा काढला आणि सालीवरून हळुवार फिरवला.

माझा चहा सांडला.

"बाबा! हे काय?"

"तुरटी."

"रोज लावता?"

"मग? कच्चंच सोडू गिऱ्हाइकाला? वस्तरा फिरला की तुरटी. नाहीतर आग होते."

"ती साल आहे, बाबा! सालीला कसली आग?"

"तुला काय माहीत? तू कधी विचारलंस तिला?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. मी चाचणीत जे घालून पिवळा रंग आणते, त्याची सख्खी बहीण. म्हणून तर अर्क आधीच पिवळा पडत होता! म्हणजे तो आकडा सालीचा की खड्याचा? मी सरांना फोन केला. त्यांनी माझी जी बिनपाण्याने केली, ती बाबांनासुद्धा जमली नसती. शेवटी म्हणाले, "बिनतुरटीची साल आणा. उद्या सकाळी, पाहुण्यांच्या आधी."

पण बाबा ऐकेनात. "तुरटीशिवाय मी आजवर कुणाला खुर्चीतून उठवलं नाही. अर्धं काम मी करणार नाही. दुसरा कुणी बघ."

मी विनवण्या केल्या. नवऱ्याने केल्या. बाबांनी वस्तरा मिटून ठेवला. मला रडू यायला लागलं आणि त्यातही त्यांचं ते फुगलेलं तोंड बघून हसू येत होतं. तेवढ्यात मला त्यांची नाडी सापडली.

"बरं, मग पैज लावू," मी म्हटलं. "एक वाडगा तुरटीचा, एक बिनतुरटीचा. दोन्ही तपासू. तुमची तुरटी खरी असेल तर तुमचा वाडगा जिंकेल."

"जिंकेल काय, जिंकलाच!" वस्तरा उघडला गेला. बिनतुरटीचा वाडगा करताना मात्र ते प्रत्येक सालीला "माफ कर गं बाई" म्हणत होते. त्याच दुपारी मी दोन्ही वाडगे प्रयोगशाळेच्या भट्टीत वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून, पेटी काखेत मारून माझ्याआधी तयार. त्यांना निकाल डोळ्यांनी बघायचा होता. सर येरझाऱ्या घालत होते. मी तीन अर्क ओळीने लावले : कारखान्याची गरासकट साल, तुरटीची दाढी, बिनतुरटीची दाढी. आणि या वेळी शहाण्यासारखा, क्षार घालायच्या आधीचा रंग मोजून तो वजा करायचं ठरवलं.

गरासकट साल नेहमीसारखी मरतुकडी. तुरटीच्या अर्काचा आधीचा पिवळा रंग वजा केला तर आकडा धाडकन खाली आला. नुसती तुरटीच होती तर मग! तिसरी नळी आत ठेवताना मला पाकीट विभागातले बुडबुडे दिसायला लागले.

आणि आकडा वर गेला. पहिल्या दिवशी गेला होता जवळजवळ तेवढाच वर! क्षार घालायच्या आधी त्या नळीत पिवळ्याचं नावही नव्हतं. जे होतं ते निव्वळ सालीचं होतं. वस्तऱ्याने गर गेला होता आणि माल राहिला होता. तुरटीने माल वाढवला नव्हता, फक्त त्याचा रंग आधीच आणून आम्हाला वेड लावलं होतं.

मी सरांना मिठी मारली. सर लाजले. तेवढ्यात समिती दारात.

"गर इतका साफ काढायला कुठलं यंत्र वापरता?" समितीच्या प्रमुख बाईंनी विचारलं. सर खोकले. बाबांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला आणि पेटी उघडली. मग पाट, साल, अंगठा, सर्रकन. बाईंनी पापुद्रा खिडकीकडे धरला आणि त्यातून बाहेरचं झाड बघितलं.

"छान. पण कारखान्यात रोज गाडीभर साली निघतात, आजोबा. तिथे काय करणार?"

"त्यांच्या यंत्राचं पातं चुकीच्या कोनात बसवलंय. साल बघूनच कळतं. कुऱ्हाड चालवल्यासारखं. लावणाऱ्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याला सांगतो. तो ऐकणार नाही, पण सांगतो."

बाई इतक्या हसल्या की त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. मग त्यांनी सरांना सांगितलं, "काम चालू ठेवा. पुढच्या वेळी आम्ही ते पातं बघायला येतो." मला तर छतापर्यंत उडी मारावीशी वाटत होती. मारलीही एक छोटीशी, कपाटाआड.

बाबा मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर वस्तरा मिटून बसले होते. ते पैज हरले होते.

"बाबा, तुमच्यामुळे सगळं वाचलं," मी म्हटलं. मला त्यांचं फार कौतुक वाटत होतं.

"ते ठीक आहे." त्यांनी बिनतुरटीच्या वाडग्यात उरलेल्या सालींकडे बोट दाखवलं. "तुझी परीक्षा झाली ना आता? मग यांना अशाच सोडू नकोस."

त्यांनी खिशातून खडा काढला, नळाखाली ओला केला आणि एकेका सालीवरून फिरवू लागले. मी शेजारी स्टूल ओढलं आणि हात पुढे केला.

"द्या," मी म्हटलं, "अर्ध्या मी करते."