बॉनेटवरच्या नऊ टिकल्या

वीरायुतची नवी पिकअप आरशासारखी लखलखायची, फक्त बॉनेट तेवढं वीटभट्टीवरून आल्यासारखं दिसायचं. बॉनेटला पाणी लावायचं नाही, असा सासूबाईंचा हुकूमच होता. गाडी घरी आली तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने, विहारातल्या म्हाताऱ्या भंते पिन यांनी, थरथरत्या बोटाने तिथे पांढऱ्या मातीच्या नऊ टिकल्या लावून आशीर्वाद दिला होता. पंधरवड्यात ते गेले. त्यांच्या हातचं शेवटचं म्हणून काय उरलं, तर त्या टिकल्या. आणि त्याही रोज थोड्याथोड्या झडत होत्या. सकाळी विहारात भाताची टोपली घेऊन निघालेल्या सासूबाई गाडीपाशी थांबत, बघत आणि गप्प पुढे जात. एरवी त्यांची जीभ क्षणभर टाळ्याला टेकायची नाही. वीरायुतला ते बघवेना.

म्हणून त्याने पारदर्शक फिल्म मागवली. लोक ती गाडीचा रंग जपायला लावतात, हा टिकल्या जपायला लावणार होता.

"दुकानात नेऊन दे की," बायको चंथिरा म्हणाली.

"दुकानवाला आधी बॉनेट धुणार. मग राहिलं काय? मी घरीच करतो. व्हिडिओ बघितलाय, सोपं असतं."

"पंखा बसवणंही सोपंच होतं, जावईबापू," सासूबाई टोपली उचलत म्हणाल्या. "तेव्हापासून आमचा पंखा छतावरच्या पालींना वारा घालतोय. माझ्या दादाच्या टिकल्यांना काही झालं, तर तुमचं पान कोंबड्यांच्या पंगतीला!"

त्या गेल्या आणि वीरायुत कामाला लागला. टिकल्यांच्या मधली धूळ त्याने कापसाने टिपली, तीही श्वास रोखून. फिल्म मापात कापली. दारं लावली, कुत्रं बांधलं, केस गळायला नकोत म्हणून डोक्याला चंथिराचा रुमाल बांधला. धूळ, वारा, सुरीची धार, सगळ्याचा विचार करून झाला होता. मग व्हिडिओतल्या माणसाने साबणाच्या पाण्याची बाटली उचलली, यानेही उचलली. त्याने सढळ हाताने फवारलं, यानेही फवारलं.

नऊच्या नऊ टिकल्यांचं दूध झालं.

ते दूध वाहून जाऊ नये म्हणून वीरायुतने घाईघाईने वर फिल्म टाकली आणि रबरी पट्टीने आधी कडाच दाबून टाकल्या. मधे अंड्याएवढा एक पांढुरका फुगा अडकला, तो काही केल्या हलेना. चंथिराला आधी हसू फुटलं. नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिने ते ओठांतच दाबलं.

सासूबाई परतल्या तेव्हा जावई डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून, हातात सुई घेऊन उभा होता.

"आई, टिकल्या गेल्या," तो म्हणाला. "माझ्याच हाताने गेल्या."

सासूबाई वाकल्या. "मग हे पांढरं काय?"

"त्यांचंच पाणी. फुग्यात अडकलंय."

"आणि सुई कशाला?"

"फोडून काढतो. नाहीतर वाईट दिसतं ते."

सासूबाईंनी त्याच्या हातातली सुई काढून घेतली आणि स्वतःच्या पोलक्याला टोचून ठेवली. "हात लावशील तर खबरदार, लेका," त्या म्हणाल्या. आजवर त्याला कधी कुणी लेका म्हटलं नव्हतं त्या घरात. "दादाही असाच धांदरट होता. एक काम धड नाही. राहू दे त्याला आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीपाशी थांबल्या, टोपली खाली ठेवली, फुग्याला हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दादा, डोळे उघडे ठेव हो. गाडी आमचे जावईबापूच चालवतात."