पाणी नसलेल्या ताऱ्याची काच

मी एक जुनी काच आहे मित्रांनो, तळहाताएवढी. माझ्यातून आरपार दिसतं, त्यामुळे खोटं लपवायला मला जागाच नाही. तरी कुठे थोडं वाढवून सांगितलं, तर रागावू नका.

जन्मले तीच अंधारात, आणि पहिल्यांदा शिकले ते भ्यायला. माझ्या अंगावर फोटो उतरवायच्या रसायनाचा नाजूक लेप होता. नको तेव्हा एक कवडसा पडला असता, तरी मी कायमची वाया गेले असते. १९७२च्या मे महिन्यात दक्षिणेतल्या एका डोंगरावर मला दुर्बिणीच्या पोटात ठेवलं. दूरच्या दीर्घिकेत एक तारा फुटला होता. एक कोटी वर्षं चालत आलेला त्याचा उजेड लोलकातून पसरला आणि माझ्यावर पडला. मी अशी थरथरले, की सारा डोंगर हलला म्हणे! उजेड गेला, मला औषधात धुऊन पक्कं केलं आणि माझ्यावर बारीक पट्टे तेवढे राहिले. त्यांत हायड्रोजनच्या रेघा नसल्या तर तारा पहिल्या प्रकारचा, असल्या तर दुसऱ्या प्रकारचा.

ते ठरवायला मला नगरच्या कॉलेजातल्या राधाकृष्ण सरांकडे धाडलं. सुट्टी होती, म्हणून सर मला बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून पाथर्डीकडच्या आपल्या गावी, चुलतीकडे घेऊन गेले. गावात दुष्काळ. सरांनी भिंग लावून चार दिवस मला मोजलं.

"काय घावलं रं त्या काचंत?" चुलती लंकाबाईंनी विचारलं.

"काकू, ज्या वायूपासून पाणी होतं, तो वायू या ताऱ्यात दिसत नाही."

झालं! ही बातमी टँकरच्या रांगेत पोचेपर्यंत तिच्यातला वायू गळून पडला आणि नुसतं पाणी उरलं. 'मास्तरच्या काचंत दिसलं, वरचं पानी संपलं.' रांगेतल्या शेवटच्या हंड्यापाशी तर 'खालचंबी संपलं' असं झालं होतं.

गावची नवी विहीर तेव्हा पन्नास फुटांवर कोरडीच होती. दुसऱ्या दिवशी तिच्यात कुणी उतरेना. भर दुपारी खोदणाऱ्यांचा मुकादम सूर्यभान पहार घेऊन दारात उभा राहिला. मागे वीसेक माणसं.

"मास्तर, ती काच भाईर काढा. हिरीवर नारळासंगं फोडू. पानी गिळलंय तिनं."

भीतीनं माझंच पाणी पाणी झालं. गावात तेवढंच काय ते पाणी!

"सूर्यभाननाना, त्या दिवसाची ही एकच काच आहे," सर म्हणाले. "ही फुटली, तर दाखवायला तारा पुन्हा फुटणार नाही."

कुणी हललं नाही. लंकाबाई सरांच्या कानाशी लागल्या. "आरं, वहीत दुसरा परकार लिही की! पानी हाय म्हनावं. मान्सं कामाला तरी लागतील. ताऱ्याच्या बापाचं काय जातंय?"

वहीतला प्रकाराचा रकाना अजून कोरा होता. सरांनी पेन उघडलं. मित्रांनो, त्या पहारीपेक्षा मला पेनाची धास्ती वाटली. पहारीनं एकदाच फुटले असते. पेनानं जन्मभर खोटी साक्ष दिली असती.

सरांनी लिहिलं, 'पहिला'. मग मला उचलून सूर्यभानच्याच हातात दिलं.

"उजेडाकडं धरून बघा नाना. तो वायू असता, तर इथं रेघ असती. शोधा."

पहार काखेत दाबून सूर्यभान बघत राहिला. त्याच्या अंगठ्याचा घाम मला लागत होता. निसटले की संपले!

"न्हाई," तो अखेर म्हणाला. "खरंच न्हाई. मंग आमच्या हिरीचं काय दिसतंय हितं?"

"काहीच नाही. तुमची विहीर या काचेत नाहीच. तिचं खाली उतरूनच बघायला लागेल."

"म्हंजी तुमाला ठावं न्हाई?"

"नाही."

सूर्यभान मागे वळला. "ऐकलं का रं? खोटं बोलायचं असतं तर मास्तर आत्ताच बोललं असतं. चला, उतरा!" आणि मला ओट्यावर इतक्या घाईनं टेकवलं, की माझा एक कोपरा उडाला.

पाणी लागलं का, ते मला ठाऊक नाही. दोन दिवसांनी मला गावाबाहेर नेलं, तेव्हा पहारीचे घाव ऐकू येत होते.

आता मी एका कपाटात पडून आहे. लेपाला बुरशी धरते आहे. कपाट उघडलं की अजून धडकी भरते. मित्रांनो, माझ्यासारखी काच कधी हाती आली, तर कडेनं धरा, मधे बोट लावू नका. आणि तिच्यात जे नाही, ते तिच्याकडून वदवून घेऊ नका.