इमारत रिकामी

कवायतीच्या सरांच्या गळ्यात एक शिट्टी आणि एक स्टॉपवॉच असे आणि हातात कर्णा. महिन्यातून एकदा, कुठेही आग लागलेली नसताना, ते शाळा रिकामी करत. खरी आग लागली तर गोंधळ होऊ नये म्हणून हा सराव. सरांनी त्याची शर्यत करून टाकली होती. मुलं रांगेने मैदानात आली की ते घड्याळ थांबवत आणि कर्णा तोंडाला लावून गर्जत, ‘‘इमारत रिकामी!’’ मग टाळ्या. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही इतक्या मनापासून टाळ्या वाजत नाहीत.

या शर्यतीत अडचण एकच होती आणि ती तिसऱ्या मजल्यावर नववीच्या वर्गात, चाकांच्या खुर्चीत बसे. तिला सगळे एक्सप्रेस म्हणत. मोकळा व्हरांडा दिसला की ती खुर्ची अशी सोडे की शिक्षक भिंतीला चिकटत. एरवी ती लिफ्टने वर-खाली करी. पण धोक्याची घंटा वाजली की लिफ्ट बंद, असा नियम होता आणि नियम बरोबरच होता. मग तिनं काय करायचं? त्याचीही सोय होती. जिन्याच्या तोंडाशी निळी पाटी लावली होती: ‘सुरक्षित प्रतीक्षा स्थान’. पाटीवर चाकांच्या खुर्चीतला माणूस काढलेला होता. त्याची काही तक्रार नव्हती. त्याला तोंडच नव्हतं.

पाटीशेजारी एक दुमडलेली खुर्ची टांगली होती. माणसाला बसवून, पट्टे बांधून, जिन्यावरून हळूहळू सरकवत खाली न्यायची. शाळेने ती मुद्दाम मागवली होती आणि खराब होऊ नये म्हणून तिचं प्लास्टिक काढलं नव्हतं. पाहुणे आले की मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, ती लांबून दाखवत.

तर त्या वर्षीचा पहिला सराव, तिचा तिसऱ्या मजल्यावरचा पहिलाच. घंटा झाली, जिन्यावरून पावलांचा लोंढा गेला आणि एक्सप्रेस पाटीखाली बसून राहिली. मग एकदम शांत झालं. खालून सरांचा आवाज आला, ‘‘इमारत रिकामी!’’

एक्सप्रेसने स्वतःकडे पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

‘‘आणि मी काय, फर्निचर?’’ ती भिंतीला म्हणाली.

तेवढ्यात व्हरांड्यातले दिवे गेले. ते दिवे माणूस हलला की लागत, हललं नाही की विझत. तिने हात हलवला. दोन्ही हात हलवले. खुर्ची गरागरा फिरवली. दिवे लागले नाहीत. मुलं वर आली तेव्हा पहिल्या पोराच्या पहिल्या पावलाला सगळे दिवे लागले.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. लिफ्टचं दार कुणी मध्ये असलं की थांबतं. ते तिच्या खुर्चीवर आपटलं. तिने हात वर केलेला असताना गणिताच्या बाई वर्गावर नजर फिरवून म्हणाल्या, ‘‘कोणालाच येत नाही? कमाल आहे!’’ मात्र यातलं नवीन किती आणि नेहमीचं किती, हे ठरवणं अवघड होतं. लोक पूर्वीही तिच्या डोक्यावरून आईला विचारत, ‘‘हिला पाणी हवंय का?’’ आता ते विचारेनासे झाले, एवढाच फरक. आपल्याला भुताटकीने घेरलंय की शाळेने, हे कळायला तिला वेळ लागला तो त्यामुळेच.

रेडिओच्या वागण्यात मात्र काडीचा फरक नव्हता. रेडिओ म्हणजे तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असताना समोर माणूस आहे की कपाट, याची ती पर्वा करत नसे.

‘‘रेडिओ, मी तुला दिसते ना?’’

‘‘नाक वाहतंय तुझं. तर मी काय सांगत होते, आमच्या आत्याची नणंद...’’

दुसऱ्या सरावाला सर म्हणाले, ‘‘इमारत रिकामी!’’ दिवे विझले आणि एक्सप्रेसला गार वाटायला लागलं. ऊन खिडकीतून थेट तिच्या मांडीवर पडलेलं होतं. तरी हात काकडले. मग व्हरांड्याच्या टोकाकडून टक, टक असा आवाज जवळ आला.

दोन वेण्यांची एक मुलगी कुबड्या टेकत येत होती. अंगात निळा फ्रॉक. शाळेचा गणवेश आता राखाडी होता. निळा फक्त जिन्यातल्या जुन्या फोटोंत दिसे.

‘‘कितव्यांदा?’’ तिने विचारलं.

‘‘काय कितव्यांदा?’’

‘‘तू वर असताना ‘रिकामी’ असं कितव्यांदा म्हणाले ते?’’

‘‘दुसऱ्यांदा.’’

‘‘तरीच कुडकुडतेस. तिसऱ्यानंतर थंडी वाजत नाही.’’ मोठ्या बहिणीने धाकटीला इंजेक्शनबद्दल सांगावं तसं ती समजावून सांगत होती. ‘‘भूक लागत नाही. परीक्षा नाहीत. बरं असतं गं.’’

‘‘तुला न्यायला कोणी आलं नाही?’’

‘‘येतो म्हणालेत. थांब म्हणालेत.’’

तिच्या मागे अंधारात आणखी काही जण होते. एक जण भिंतीला तळहात लावून उभा होता. एक मुलगी कोण कुठून येतंय ते कळावं म्हणून मान इकडेतिकडे फिरवत होती. तिला ऐकू येत नसावं. कोणी तक्रार करत नव्हतं, कोणी रडत नव्हतं. सगळे शहाण्यासारखे वाट बघत होते. त्यांना तसं सांगितलेलं होतं.

त्या रात्री आईने दोनच ताटं वाढली. एक बाबांना, एक स्वतःला.

‘‘आई, मी काय हवा खाऊ?’’

आईच्या हातातला डाव खाली पडला. ‘‘अगं बाई! तू कधी आलीस?’’

‘‘दुपारी. दार तूच उघडलंस.’’

आईने पुढे होऊन तिचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, गाल, अंधारात वस्तू शोधावी तसा. बाबा म्हणाले, ‘‘दमली आहेस तू.’’ आईने लेकीला पोटाशी धरून सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी शाळा गाठली.

मोठ्या बाईंनी तिला चहा दिला. ‘‘ताई, शुक्रवारी एक जादा सराव आहे. अग्निशामक दलाचे साहेब स्वतः बघायला येणार आहेत. सरांनी मागच्या वेळेपेक्षा अकरा सेकंद कमी करायचं ठरवलंय. खुर्चीवरून एकेकाला उतरवत बसलो तर काय शोभा राहील?’’

‘‘एकेकाला नाही हो, एकीला.’’

‘‘आज एकीला म्हणाल. आणि ती तिथे सुरक्षित असते. पाटी आहे ना!’’

‘‘मग बाई, शुक्रवारी तुम्हीही तिच्याजवळ पाटीखाली थांबा.’’

मोठ्या बाई हसल्या. ‘‘मी थांबले तर पाहुण्यांचं स्वागत कोण करेल?’’ मग आईच्या शेजारच्या जागेकडे, जिथे एक्सप्रेस बसली होती, प्रेमळपणे पाहत म्हणाल्या, ‘‘पुढच्या वेळी मुलीलाही घेऊन या. तिच्याशीच बोलते.’’

आईने लेकीच्या खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

शुक्रवारी तिला घरीच ठेवायचं, असं आईने ठरवलं. एक्सप्रेसने ऐकलं नाही. ‘‘आज चुकवलं तर पुढच्या महिन्यात आहेच. आणि शाळा सोडली तरी रिकामीच झाली ना माझ्यापुरती?’’ आई लेकीबरोबर आली आणि फाटकापाशी उभी राहिली. पालकांना आत सोडत नव्हते.

घंटा झाली. लोंढा गेला. एक्सप्रेस पाटीखाली बसली नाही. तिने टांगलेल्या खुर्चीला हात घातला. खुर्ची उंच होती आणि प्लास्टिक चांगल्या प्रतीचं होतं. टक, टक असा आवाज आताच सुरू झाला होता.

‘‘सरक,’’ मागून आवाज आला. रेडिओ धापा टाकत जिना उलटा चढून आली होती. ‘‘रांगेत शेजारी बोलायला कोणी नाही म्हटल्यावर मी काय करू? ती पुढची पोरगी नुसतं ‘शूऽऽ’ करते.’’ तिने खुर्ची खाली ओढली आणि प्लास्टिक दातांनी टराटरा फाडलं. खुर्चीच्या पाठीवर ती कशी वापरायची याची चित्रं होती. रेडिओ ती मोठ्याने वाचत, मध्येच चुकत, परत वाचत पट्टे सोडवू लागली. एक्सप्रेसने हातांवर जोर देऊन अंग उचललं आणि या खुर्चीतून त्या खुर्चीत टाकलं.

‘‘तू जड आहेस गं,’’ पहिल्या पायरीवर रेडिओ म्हणाली. दुसऱ्या वळणावर ती म्हणाली, ‘‘एवढी काही जड नाहीस.’’ पुढच्या वळणावर ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली. दांड्यावर तिचे दोनच हात होते, पण खुर्ची चार जणांनी धरल्यासारखी अलगद उतरत होती. एक्सप्रेसने मागे वळून पाहिलं नाही. मानेवर गारवा होता, तेवढं तिला पुरे होतं.

खाली सरांनी घड्याळ थांबवून कर्णा तोंडाला लावला होता. ‘‘इमारत...’’

‘‘थांबाऽऽ!’’ रेडिओ दारातून ओरडली. तिला कर्ण्याची गरज कधीच पडली नव्हती.

सगळ्या शाळेने वळून पाहिलं. फाटकाजवळ आईने दोन्ही हात तोंडावर धरले. एक्सप्रेस उन्हात आली आणि तिच्या काकडलेल्या बोटांत मुंग्या आल्या. सर तिच्याकडे बघत होते. डोक्यावरून नाही, मागच्या भिंतीकडे नाही, तिच्याकडे.

‘‘ही कुठे होती?’’ अग्निशामक दलाच्या साहेबांनी विचारलं.

‘‘वरच,’’ एक्सप्रेस म्हणाली. ‘‘दर वेळी.’’

मोठ्या बाई घाईने पुढे झाल्या. ‘‘साहेब, आमची जिन्याची खुर्ची! बघा, किती छान चालते. आता आले सगळे. हो ना, बाळा?’’

त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. ‘हो’ म्हटलं की संपलं असतं. टाळ्या पडल्या असत्या, आईने तिला घरी नेलं असतं, तिसरं ताट वाढलं असतं. सरांचा कर्णा ओठांपासून वीतभर लांब होता.

‘‘नाही,’’ एक्सप्रेस म्हणाली. ‘‘वर अजून आहेत.’’

‘‘कोण आहेत? सगळे वर्ग मोजलेत मी!’’ सर कळवळले.

‘‘मलाही मोजलं होतंत का?’’

सरांनी कर्णा खाली घेतला.

‘‘किती जण?’’ साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

‘‘माहीत नाही. एकीला कुबड्या आहेत, एकीला ऐकू येत नाही, एकाला दिसत नसावं. हळू येतील. थांबावं लागेल.’’

साहेबांनी तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. ‘‘पूर्वी आम्हीही कर्ण्यावरून असंच सांगायचो,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘एकदा चुकलं. आता नाही सांगत.’’ मग त्यांनी टोपी काढली आणि दाराच्या पायरीवर बसकण मारली. ‘‘थांबू या.’’

‘‘पण साहेब, वेळ!’’ सरांनी स्टॉपवॉच पुढे केलं.

‘‘चालू करा ते परत.’’

सरांनी चालू केलं. पोरं उन्हात उभी राहिली. पहिल्यांदा कुजबुज झाली, मग तीही थांबली. मोठ्या बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि साहेबांना बसायला मांडलेली खुर्ची कोणी न सांगता दारापासून बाजूला ओढली. जिन्यात अजून काही ऐकू येत नव्हतं. पण पहिलीच्या रांगेतली पोरं, जी सगळ्यांत पुढे होती, एकमेकांचे हात धरून मागे सरकू लागली. कोणी सांगितलं नव्हतं. दारासमोर, बरीच माणसं बाहेर यायची असतात तेव्हा लागते, तेवढी जागा मोकळी झाली.