चाकं खाली, तोवर पाहुणा

*या, या. बसा. इथे कुणी हसणार नाही. हसलं तर मला सांगा.*

हा दादाचा आवाज, फितीवर भरून ठेवलेला. आमच्या सर्व्हरवर जो पहिल्यांदा येतो त्याला तो ऐकू येतो. धावपट्टीच्या टोकाशी, विमानात बसल्याबसल्या, बाकी काही कळायच्या आत. एकदाच. दुसऱ्यांदा आलात की तुम्ही जुने, आणि जुन्यांना कुणी या-बसा म्हणत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गेल्या हिवाळ्यात गेला, झोपेत. त्या जाण्याला पुढेमागे काही नाही.

पुन्हा सुरू करते.

खेळ जुन्या पंख्याच्या लढाऊ विमानांचा. दोन बाजू, लाल आणि निळी. खरी माणसं आपापल्या घरी खुर्चीत बसून एकमेकांची विमानं पाडतात. दादाला पाडण्यात रस नव्हता, तो नव्यांना शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने एक रीत घालून दिली होती आणि दोन्ही बाजू ती पाळत. नव्याने चाकं खाली ठेवूनच उडायचं. चाकं खाली असलेल्या विमानावर कुणीही गोळी झाडायची नाही, शत्रूनेही नाही. तो पाहुणा. एकदा आपल्या हाताने नीट जमिनीवर उतरला की पुढच्या खेपेला चाकं वर घ्यायची, मग ज्याचं त्याने बघावं.

नवे उत्साहात चाकं आधीच वर घेतात. "पाहुणचार आवडला नाही वाटतं," असं म्हणून कंपाउंडर त्यांना पाडतो.

कंपाउंडर निळ्या बाजूच्या नव्यांना सांभाळतो. औषधाच्या दुकानात असतो म्हणून कंपाउंडर. त्याला मी पाहिलेलं नाही. आवाजावरून पन्नाशीचा वाटतो, पोट असलेला. लाल बाजूचे नवे दादाकडे असत. आता माझ्याकडे.

मला आवड होती असं नाही. कुणीतरी करायला हवं होतं आणि मी घरात होते. सकाळी मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. दुपारी दुकान बंद असतं. घरी येते, जेवते, कानाला हेडफोन लावते आणि अनोळखी माणसांना सांगते की उजवा पाय दाबा. विमान डावीकडे ओढतं, म्हणून उजवा. दिवसभरात मी सर्वांत जास्त वेळा बोललेला शब्द 'उजवा' असेल. दुकानात भिंगाच्या बाबतीतही तोच.

(इथे दादाबद्दल वाटणारं काहीतरी यायला हवं. जागा ठेवली आहे. पुढे चला.)

*आता तुमच्या डाव्या हाताशी एक दांडा आहे. तो इंजिनाचा जोर. घाबरू नका. पूर्ण पुढे ढकला, एकदम. विमानाला तुमच्यापेक्षा जास्त अक्कल आहे, ते उडेल.*

उडायचं. दादा होता तोवर उडायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर खेळ बनवणाऱ्यांनी खेळ सुधारला. विमानं जड झाली, खऱ्यासारखी. उभ्या विमानाला एकदम पूर्ण जोर दिला की ते डावीकडे फिरतं आणि नाक जमिनीत घालतं. डावीकडे इंधनाचा टँकर उभा असतो. आता दांडा हळूहळू पुढे न्यावा लागतो, ताकात पाणी घालावं तसा. दादाच्या फितीला हे माहीत नाही. ती अजून म्हणते, घाबरू नका, पूर्ण पुढे, एकदम.

नवी माणसं ऐकतात. नव्यांचा स्वभावच तो, सांगितलेलं ऐकतात.

"ताई," कंपाउंडर म्हणाला, "मास्तरांची फीत बदलायला हवी."

"हं."

"डॉक्टर गेला तरी त्याची चिठ्ठी चालते हो. पण औषधच बदललं तर त्याच चिठ्ठीने माणूस जातो."

"बघू."

"तुमचं बघू म्हणजे आमच्या दुकानातलं 'उद्या या'."

फीत बदलणं फक्त माझ्या हातात होतं. दादाचा पासवर्ड माझ्याकडे होता. मी बदलली नाही. मी नव्यांशी पटकन बोलायला लागले, फीत दांड्यापर्यंत यायच्या आत. कधी गाठायचे, कधी नाही.

याच दिवसांत फर्निचर यायला लागलं.

म्हणजे एका दुपारी 'पडदा' नावाचा नवा खेळाडू आला. धावपट्टीवर उभा राहिला, हलला नाही. मी म्हटलं नमस्कार, तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने गेला. दुसऱ्या दुपारी 'उशी'. मग 'टेबलपंखा'. मग 'खुंटी'. सगळे तसेच, यायचे, उभे राहायचे, जायचे.

"आज कपाट आलंय का बघा," कंपाउंडर म्हणायचा. "ताई, तुमच्याकडे पूर्ण घर लागणार."

मी हसले असेन. हसण्याची जागा होती ती.

नव्यांची एक ठरलेली चूक असते. त्यांचा माइक उघडा राहतो. त्यांच्या घरातलं सगळं आम्हाला ऐकू येतं, कुकर, कुत्री, नवरा-बायकोची भांडणं. त्या दिवशी 'आरसा' आला होता. त्याचा माइक उघडा होता आणि तो हेडफोनशिवाय बसला होता, त्यामुळे दादाची फीत त्याच्या स्पीकरमधून माझ्या कानात येत होती. *या, या. बसा.* तेवढ्यात दाराची बेल वाजली. माझ्या हेडफोनमध्ये वाजली. हेडफोनच्या बाहेरही वाजली.

मी उठले, दार उघडलं, कुरिअरवाल्याकडून पाकीट घेतलं, सही केली. दादाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई दुपारी तिथे आडवी होते.

परत येऊन बसले तेव्हा आरसा गेला होता.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, "दुपारी झोप लागली?"

"लागली की," आई म्हणाली. "भात घे."

तर ते असं होतं. फीत फक्त नव्याला ऐकू येते, म्हणून आई रोज नवी होत होती. दादाच्या कॉम्प्युटरसमोर बसल्यावर खोलीत जे दिसेल त्याचं नाव घेऊन. हे तिला दादानेच शिकवलं असणार. फीत केली तेव्हा ती नीट वाजते का ते बघायला त्याने आईलाच बसवलं होतं. ती पहिली नवी.

मी तीच फीत तिच्या फोनमध्ये घालून दिली. "दादाचं आहे काहीतरी जुनं," एवढंच म्हटलं. तिने ऐकली, बरं म्हणाली, फोन फ्रिजवर ठेवला. दुसऱ्या दुपारी धावपट्टीवर 'चार्जर' उभा होता.

मग मी ठरवलं, किंवा ठरलं. फीत काढली की आईची दुपार जाईल. आईकडे दुपार सोडून काही उरलेलं नव्हतं. अनोळखी माणसांची खोटी विमानं जळाली तर जळू देत.

*कोसळलात तरी हरकत नाही. इथे मेलेला माणूस परत येतो, फक्त बटण दाबायचं.*

ट्रकवाला आला तो मंगळवार होता की बुधवार, आता सांगता येणार नाही. त्याने स्वतःच सांगितलं, नमस्कार, मी ट्रक चालवतो, लांब पल्ल्याचा, सुट्टीवर आहे, विमानाची फार हौस. आवाज मोठा, खुश. मी बोलायला तोंड उघडलं, पण तो स्वतःच बोलत होता आणि त्याच्या मागे फीत बोलत होती, आणि त्या दोघांच्या मधे मला शिरता येईना. त्याने दांडा पूर्ण पुढे ढकलला. विमान गर्रकन डावीकडे फिरलं आणि जळालं.

"अरेच्चा," तो म्हणाला. "पुन्हा."

"थांबा, हळू द्या," मी म्हणाले.

"पण तो तर म्हणाला एकदम."

"तो..." मी म्हणाले.

तेवढ्यात त्याने पुन्हा दिला. एकदम. शेजारी 'झाकण' उभं होतं. ट्रकवाल्याचा पंख झाकणाला लागला आणि दोघे मिळून टँकरमध्ये गेले. स्क्रीन नारिंगी झाली.

"बाई," ट्रकवाला म्हणाला. आवाज आता मोठा नव्हता. "तो माणूस म्हणतो घाबरू नका, आणि मी मरतो. तुम्ही नव्या माणसाची मजा बघता होय? असू दे. खेळा तुम्ही."

तो गेला. गेलेल्याला परत बोलवायची सोय खेळात नाही.

मी हेडफोन काढला. आई दारात उभी होती.

"फीत बदल," ती म्हणाली.

"कुठली फीत?"

"वेड पांघरू नकोस. माझ्या डोळ्यांसमोर जळतात सगळे. रोज. मी तिथे धावपट्टीवरच असते ना."

"तुला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे ते?"

"बेल मलाही दोनदा ऐकू आली नाही का, एकदा तुझ्या माइकमधून? तू उठलीस तर तुझी खुर्ची तिकडेपर्यंत करकरते. घर केवढं आहे आपलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?"

आई पलंगावर बसली, पाय वर घेतले.

"फोनमधली का नाही ऐकत?" मी विचारलं.

"फोनमध्ये तो गेलेला असतो. खेळात त्याला काही झालेलंच नसतं. तो मला ओळखतच नाही. अहो-जाहो करतो." ती थोडं हसली. "जन्मात कधी केलं नाही मेल्याने. या, बसा म्हणतो. कुणी हसलं तर सांगा म्हणतो."

"मग बदलायची कशाला? मी तुझ्यासाठीच..."

"माझ्या नावावर नको खपवूस," आई म्हणाली. "एक नवा माणूस नीट उतरल्याशिवाय गेला तर दादा रात्री नीट जेवायचा नाही. आता त्याच्याच सांगण्याने लोक जळतायत आणि चिडून जातायत. तो असता तर खेळ बदलला त्याच दिवशी त्याने फीत बदलली असती, जेवण टाकून. फीत गेली तर मला चालेल. तुला नाही चालत." मग म्हणाली, "तू ऐकली आहेस का ती? सगळी?"

मी ऐकली नव्हती. मी जुनी होते. मला ती तुकड्यांत यायची, इतरांच्या माइकमधून, पाण्याखालून आल्यासारखी. फोनमध्ये घालतानाही मी ती वाजवून बघितली नव्हती.

"ऐकल्याशिवाय बदलू नकोस," आई म्हणाली. "चल."

दादाच्या खोलीत तिने मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः टाइप केलं, एका बोटाने, पण न चुकता. तिला सगळं पाठ होतं. नाव काय देऊ, तिने विचारलं. मला सुचेना. तिने 'धाकटी' लिहिलं.

धावपट्टी. समोर गवत. डावीकडे टँकर.

*या, या. बसा. इथे कुणी हसणार नाही. हसलं तर मला सांगा. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण आलात हे बरं केलंत. चाकं खाली आहेत ना? ती तशीच ठेवा. चाकं खाली, तोवर पाहुणा. मोठमोठे लोक तुमच्या बाजूने जातील, काही करणार नाहीत. आता तुमच्या... एक मिनिट हं. अगं, दार लाव ना, रेकॉर्ड करतोय. हं. आता तुमच्या डाव्या हाताशी एक दांडा आहे.*

"ते तुला आहे," आई म्हणाली. "दार लाव ते."

हो. मला होतं. मागे भांड्यांचा आवाज येतो, तो मी. दार लावलं होतं का ते आठवत नाही. फितीत दार लागल्याचा आवाज येत नाही. भांडी शेवटपर्यंत वाजत राहतात.

मला वाटलं आता काहीतरी होईल. आईने बहुधा त्यासाठीच बसवलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काही झालं नाही. फक्त उजवा पाय टेबलाखालच्या पायपट्टीवर इतका दाबला गेला होता की पोटरीत गोळा आला.

*घाबरू नका. पूर्ण पुढे ढकला, एकदम.*

मी ढकलला. मला माहीत होतं. विमान डावीकडे फिरलं, नाक गेलं, टँकर गेला.

आई म्हणाली, "झालं?"

"झालं."

नवी फीत, पहिला प्रयत्न. *या, या...*

"ते त्याचं," आई म्हणाली. "तू तुझं म्हण."

दुसरा. *नमस्कार. तुम्ही पहिल्यांदाच आला आहात. मी सांगते तसं*

"बँकेतून फोन आल्यासारखं वाटतंय."

तिसरा. *हे बघा, घाईने काही करू नका. दांडा हळू. मी सांगेन तेव्हा.* इथे मी थांबले, पुढे काय ते विसरले. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. *हं. आता थोडा पुढे.*

आई काही बोलली नाही, म्हणून तीच ठेवली.

जुनी काढताना खेळ विचारतो, नक्की का. मी हो म्हटलं. बोटाला काही कळलं नाही. दुकानात रोज शेकडो काचा घासणारं बोट ते.

"ऐकली," दुसऱ्या दिवशी कंपाउंडर म्हणाला. "चालेल. मधे मोठी गॅप आहे, पण त्या गॅपमध्ये माणूस दांडा सोडून ऐकतो. माझ्याकडचे दोघे उडाले सकाळी. एक तर उतरलाही, म्हणजे आपटला, पण चाकांवर."

दुपारी मी लाल बाजूला बसले. 'कडी' नावाचा नवा खेळाडू आला. मला वाटलं होतं आई आता येणार नाही. उघड्या माइकमधून माझाच आवाज मला ऐकू आला, घाईने काही करू नका, आणि मग ती लांब गॅप. कडी थांबली. मग तिचं विमान हललं. पहिल्यांदाच हललं. धावपट्टीवरून तिरकं जात ते गवतात शिरलं.

"कुठला पाय ते तू सांगितलंच नाहीस," आई माइकमध्ये म्हणाली. भिंतीतूनही ऐकू आलं.

खरंच. दिवसभर मी उजवा, उजवा म्हणते, आणि फितीत उजवा नव्हता.

"उद्या परत करते," मी म्हणाले.

"आज कर. लोक यायचेत."

तिचं विमान गवतात उभं होतं, चाकं खाली, इंजिन चालू. ती विमानातून उतरली नाही, खेळातून गेलीही नाही. मी रेकॉर्डचं बटण शोधलं.